जुन्या ट्रकच्या इंजिनाला ऑइल कोणतं? ग्रेड बदलण्याआधी प्रेशर मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कोणी वाचलं तरी संदर्भ लागेल. सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, वय पंचवीस वर्षं. एकदा रिंगा-बेअरिंग बदलून झालेत, त्यानंतर साधारण चार लाख किलोमीटर झाले. इंजिन गरम झालं की स्लोवर (रेस न देता चालू असताना) ऑइल प्रेशरचा काटा खाली बसतो. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल वरून टाकावं लागतं. आजवर १५डब्ल्यू-४० (हा जाडीचा ग्रेड) वापरलं, डब्यावर सीएफ-४ (हा दर्जाचा वर्ग) लिहिलेलं असायचं, ते आता मिळत नाही. एक जण म्हणतो २०डब्ल्यू-५० टाका, दुसरा म्हणतो सिंथेटिक टाका, तिसरा म्हणतो नवीन सीके-४ ऑइलनं जुनं इंजिन खलास होतं.

मी तीसेक वर्षं डिझेल इंजिनं खोलतो-बांधतो आहे आणि या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे. तुमच्या इंजिनाला चांगल्या दर्जाचं मिनरल १५डब्ल्यू-४०च टाका. सीआय-४ प्लस मिळालं तर उत्तम, सीके-४ मिळालं तरी चालेल. पण डबा आणायच्या आधी मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनाचं खरं प्रेशर मोजा. काटा खाली का बसतो हे कळल्याशिवाय ग्रेड बदलू नका. असं का म्हणतो ते नीट सांगतो, कारण 'इंजिन जुनं झालं की ऑइल जाड' हा समज इतका खोल रुजलाय की नुसतं 'नको' म्हटल्यानं कोणाला पटत नाही.

ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल पुढे ढकलतो. प्रेशर तयार होतं ते पुढच्या अडथळ्यामुळे, म्हणजे क्रँक आणि बेअरिंगमधल्या बारीक फटीतून ऑइलला वाट काढावी लागते म्हणून. फट वाढली की ऑइल सहज निसटतं आणि काटा पडतो. आता या फटीचं गणित बघा. फटीतून वाहणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. आणि जाड ऑइलनं आपल्याला काय मिळतं? एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या मोजमापात १०० अंश सेल्सियसला ४० ग्रेडचं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकच्या (हे जाडीचं एकक) दरम्यान असतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. बाजारातली नेहमीची दोन ऑइलं समोरासमोर ठेवली तर फरक पाव हिश्शाच्या थोडा वर जातो. एकीकडे आठपट गळती, दुसरीकडे पाव हिश्शाची जाडी. बेअरिंग खरोखर झिजलं असेल तर ग्रेड बदलून ते भरून निघत नाही, काटा मात्र जरा वर दिसतो. धोका तिथंच आहे.

जाड ऑइलची किंमत थंडीत मोजावी लागते. ग्रेडमधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड ऑइलचा, नंतरचा गरम ऑइलचा. १५डब्ल्यूची क्रँकिंगची चाचणी उणे २० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर, ५डब्ल्यूची उणे ३० वर. तुमच्याकडे तेवढी थंडी पडत नसली तरी नियम तोच राहतो. सकाळी पहिल्या स्टार्टला ऑइल जितकं जाड, तितकं ते वरच्या रॉकरपर्यंत आणि टर्बोच्या बुशपर्यंत उशिरा पोचतं. अशा वेळी गेजवर प्रेशर भरपूर दिसतं, कारण रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडलेला असतो आणि पंपानं उचललेलं बरंचसं ऑइल तिथूनच परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, जात असतं. काटा टोकाला आणि बेअरिंगला ऑइल कमी, असं दोन्ही एकाच वेळी घडतं. शिवाय बेअरिंगमधून वाहणारं ऑइल तिथली उष्णताही घेऊन जातं. वाहणं कमी झालं की शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल पट्टी, जास्त तापतो.

एक गाडी मला कायम आठवते. मालकानं आधी १५डब्ल्यू-४० चं २०डब्ल्यू-५० केलं, मग त्यात ऑइल घट्ट करणारं अ‍ॅडिटिव्ह ओतलं. दर वेळी महिनाभर काटा वर राहायचा आणि पुन्हा खाली यायचा. माझ्याकडे आली तेव्हा मी आधी डिपस्टिक ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं. मालक म्हणतोय, दोन महिन्यांत एक थेंब टॉप-अप केलेलं नाही. टोकाला वास घेतला तर सरळ डिझेलचा. चेंबर उतरवलं, तिसऱ्या मेन बेअरिंगची (क्रँक ब्लॉकमध्ये जिथं फिरतो तिथलं) कॅप काढली आणि खालचा शेल पुसून उजेडात धरला. चांगला शेल सगळीकडे सारखा, मळकट राखाडी दिसतो. याच्या मधोमध बोटभर रुंद तांबूस पट्टा होता, नख फिरवलं की चरे लागत होते. शेलच्या वरचा शिसं-कथिलाचा थर केसाहूनही पातळ असतो. तो पुरता गेला होता आणि खालचं तांबं-शिसं उघडं पडलं होतं. मूळ दोष निघाला फीड पंपात. त्याचं डायफ्राम फाटलं होतं आणि डिझेल थेट चेंबरमध्ये उतरत होतं. डायफ्राम बदलायला तासभर पुरला असता. पण जाड ऑइलनं काटा वर धरून ठेवला, म्हणून सहा महिने कोणी खाली पाहिलंच नाही आणि क्रँक ग्राइंडिंगला द्यावा लागला.

म्हणून तुमच्या गाडीवर पहिलं काम मोजण्याचं. डॅशवरच्या काट्यावर माझा विश्वास नाही. जुन्या गाडीत सेंडर, वायर आणि अर्थ या तिन्हींत घोळ असू शकतो. सेंडर काढा, त्याच आट्यांचा अ‍ॅडॉप्टर लावून मेकॅनिकल गेज बसवा. आटे जुळतात याची खात्री करा, अंदाजानं पिळलेला अ‍ॅडॉप्टर ब्लॉकचे आटे घालवतो. मग गाडी अर्धा-पाऊण तास लोडवर चालवून आणा. उभ्या गाडीत इंजिन तापवलं तर पाण्याचा काटा वर येतो, पण ऑइल पुरतं तापत नाही, आणि मग आकडा फसवा येतो. परत आल्यावर स्लोवरचं प्रेशर आणि पूर्ण आरपीएमचं प्रेशर दोन्ही लिहून ठेवा आणि तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलशी ताडून पाहा. अंदाज यावा म्हणून सांगतो, कमिन्सच्या जुन्या बी मालिकेच्या ५.९ लिटर इंजिनाला गरम असताना स्लोवर किमान १० पीएसआय आणि रेटेड आरपीएमला किमान ३० पीएसआय एवढंच लागतं. स्लोवर १५ दिसलं म्हणून झोप उडालेले मालक मी पुष्कळ पाहिलेत. त्यांची इंजिनं ठणठणीत होती.

दोन्ही आकडे मॅन्युअलच्या किमान मर्यादेच्या वर आले तर विषय संपला, ग्रेडला हात लावू नका. स्लोवर कमी पण आरपीएमला ठीक असेल तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह काढून बघा. त्याच्या बसण्याच्या जागेत कचरा अडकला तरी असंच होतं. दोन्हीकडे कमी असेल तर चेंबर उतरवून एक मेन आणि एक बिगएंड (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं) बेअरिंग बघण्याची वेळ आली आहे. हे काम इंजिन गाडीतच ठेवून होतं, आणि त्यातून जे कळतं ते दहा डबे ऑइल बदलून कळत नाही.

दुसरं काम, चेंबरमधल्या ऑइलमध्ये काय मिसळलंय ते बघणं. डिझेल पाच टक्क्यांच्या आसपास मिसळलं की ४० ग्रेडचं ऑइल ३० च्या हद्दीत उतरतं. म्हणजे डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलंय, पण इंजिनात ते राहिलेलंच नाही. नोझल गळकं, फीड पंपाचं डायफ्राम फाटलेलं, किंवा ज्याला इंजिनाच्याच ऑइलचं वंगण मिळतं अशा इनलाइन डिझेल पंपाची एलिमेंट झिजलेली, यांपैकी काहीही असू शकतं. त्यातही एक फसवणूक होते. तुमचं इंजिन ऑइल खातंय आणि त्याच वेळी डिझेल उतरतंय असं असेल तर डिपस्टिकवर पातळी जागच्या जागी दिसते आणि माणूस निर्धास्त राहतो.

त्यासाठी प्रयोगशाळा लागतेच असं नाही. टीपकागद किंवा गाळणकागदाचा तुकडा घ्या, त्याची खालची बाजू कशाला टेकणार नाही असा एखाद्या वाटीच्या तोंडावर ठेवा आणि गरम इंजिनातून काढलेल्या डिपस्टिकचा एक थेंब त्यावर पडू द्या. शेजारी नव्या ऑइलचा एक थेंब टाका, तुलनेला. रात्रभर हलवू नका. सकाळी मधे गडद डाग आणि त्याच्या भोवती हळूहळू फिकट होत गेलेला करडा पसारा दिसला तर ऑइलमधला काजळी तरंगत ठेवणारा घटक अजून काम करतोय. डाग काळाकुट्ट, कडा चाकूनं कापल्यासारख्या आणि भोवती काजळी पसरलेलीच नाही असं दिसलं तर ऑइल संपलंय किंवा त्यात कूलंट शिरलंय. सगळ्यात बाहेर नव्या ऑइलच्या थेंबाभोवती नाही असं पातळ, पारदर्शक कडं दिसलं तर डिझेलचा संशय घ्या. पाण्याचा संशय असेल तर तापलेल्या पत्र्यावर एक थेंब टाका, डोळ्यांना चष्मा लावून. तडतडला तर पाणी आहे. ही चाचणी आकडे देत नाही, पण इंजिनाच्या आत काय चाललंय ते डोळ्यांना दाखवते. मी प्रत्येक जुन्या गाडीच्या थेंबांचे कागद तारीख घालून ठेवतो. एकाच गाडीचे चार-पाच कागद ओळीनं मांडले की बदल लगेच दिसतो.

ऑइल काळं पडतं म्हणून घाबरू नका. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच फेऱ्यांत काळं होतं. काजळी ऑइलमध्ये तरंगते आहे, भिंतींवर बसत नाही, असा त्याचा अर्थ. जुन्या डिझेलमध्ये बराच काळ ऑइल स्वच्छच दिसत असेल तर मी उलट चौकशी करतो.

आता ऑइल खाण्याबद्दल. हजार किलोमीटरला एक लिटर हे ऐकायला भयंकर वाटतं, पण हिशेब डिझेलच्या तुलनेत करा. तुमची गाडी १०० किलोमीटरला ३० लिटर डिझेल घेत असेल तर हजाराला ३०० लिटर. त्यात एक लिटर ऑइल म्हणजे ०.३३ टक्के. अर्ध्या टक्क्याच्या आत आहे, महिनोन्‌महिने तेवढंच आहे आणि गाडी ओढते आहे, तर मी केवळ त्यासाठी इंजिन खोलत नाही. प्रमाण वाढत चाललं असेल तर मात्र कारण शोधायला हवं. रात्रभर उभी राहून सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येऊन मग थांबतो, तेव्हा व्हॉल्व्ह गाइड-सीलकडे बघा. चढावर लोड घेताना सतत निळा धूर आणि ब्रीदरमधून जोरात बॅक कॉम्प्रेशन (सिलिंडरमधून खाली निसटलेला वायू), तेव्हा रिंगा. इंटरकूलरच्या नळीत ऑइल साचलेलं आढळलं तर टर्बोचं सील. रिंगा अडकल्यामुळे ऑइल जात असेल तर एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. चांगल्या डिटर्जंटचं ऑइल टाकून दोन-तीन वेळा नेहमीच्या निम्म्या अंतरावर बदली करा. काही इंजिनांत रिंगा हळूहळू मोकळ्या होतात. लायनरच झिजला असेल तर कोणतंही ऑइल काही करू शकत नाही.

अक्षरांकडे येऊ, कारण बाजारात सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच आहे. एपीआय या अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेच्या वर्गीकरणात डिझेल ऑइलचं नाव बहुधा सी पासून सुरू होतं. सीएफ-४ आलं १९९० मध्ये, सीजी-४ १९९५ मध्ये, सीएच-४ १९९८ मध्ये, सीआय-४ २००२ मध्ये, सीजे-४ २००६ मध्ये आणि सीके-४ २०१६ च्या अखेरीस. सीएफ-४ आता चालू वर्गांत नाही. त्याच्या जागी सीएच-४ किंवा सीआय-४ वापरायला एपीआयच मान्यता देतं, आणि सीके-४ या दोघांचीही जागा घेऊ शकतं. थोडक्यात, या ओळीत नवं ऑइल जुन्या इंजिनाला चालावं अशाच पद्धतीनं वर्ग आखलेले आहेत.

मग सीके-४ बद्दल भीती कुठून आली? तिच्या मागे काहीच नाही असं नव्हे. सीजे-४ पासून पुढच्या ऑइलांवर राखेची आणि फॉस्फरसची मर्यादा आली, कारण नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर राखेनं तुंबतो. सल्फेटेड राख जास्तीत जास्त १ टक्का, फॉस्फरस ०.१२ टक्के. आम्ल मारण्याची ताकद, ज्याला टीबीएन म्हणतात, तीही त्यामुळे थोडी खाली आली. सीआय-४ ऑइलांचं टीबीएन बहुधा १० च्या वर असतं, सीके-४ मध्ये ते थोडं कमी भेटतं. डिझेलमध्ये गंधक भरपूर असेल तर जळताना सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि जास्त टीबीएनचा खरा उपयोग होतो. सीजे-४ आणि सीके-४ हे वर्ग ५०० पीपीएमपर्यंतच्या गंधकाचं डिझेल गृहीत धरून केलेले आहेत. तुमच्या डिझेलमध्ये गंधक त्याहून जास्त असेल तर सीआय-४ प्लस घ्या आणि बदली लवकर करा. डिझेल १०-१५ पीपीएमचं असेल तर सीके-४ नं तुमच्या इंजिनाचं काही बिघडत नाही. उलट तापून घट्ट न होण्यात आणि कापलं जाऊन पातळ न होण्यात ते जुन्या ऑइलांपेक्षा सरस आहे. फॉस्फरसबद्दल म्हणाल तर कॅम आणि टॅपेटला वाचवणारं झिंक-फॉस्फरसचं संयुग सीके-४ मध्ये पेट्रोल गाड्यांच्या आजच्या पातळ ऑइलांपेक्षा बरंच जास्त असू शकतं. तिथं ही मर्यादा ०.०८ टक्क्यांची आहे.

एका अक्षरजोडीला मात्र हात लावू नका, ती म्हणजे एफए-४. तेही सीके-४ सोबतच आलं, डबाही सारखाच दिसतो, पण ते नव्या रचनेच्या इंजिनांसाठी मुद्दाम पातळ ठेवलेलं आहे. १५० अंशांवर, बेअरिंगमधल्या घासणीखाली त्याची जाडी २.९ ते ३.२ च्या मध्ये राहते. १५डब्ल्यू-४० ला याच मोजमापात किमान ३.७ लागतं. जुन्या इंजिनाच्या वाढलेल्या फटींना ते पुरणार नाही.

डब्याच्या मागची बारीक अक्षरंही वाचा. युरोपियन बनावटीचं जुनं इंजिन असेल तर युरोपचा वर्ग एसीईए ई७ किंवा मर्सिडीजचं २२८.३ दिसलं पाहिजे. जपानी इंजिनासाठी जपानचाच वर्ग, जासो डीएच-१ बघा. हा वर्ग २००० साली जपानी इंजिनांच्या कॅम-टॅपेटची झीज डोळ्यांसमोर ठेवूनच आला. कमिन्ससाठी सीआय-४ काळातला सीईएस २००७८ हा आकडा. 'हेवी ड्यूटी', 'अल्ट्रा', 'टर्बो' या पुढच्या मोठ्या अक्षरांना अर्थ नाही.

सिंथेटिकचं काय? ते वाईट मुळीच नाही. कडाक्याच्या थंडीत गाडी रोज पहाटे काढायची असेल तर ५डब्ल्यू-४० सिंथेटिकसारखं दुसरं काही नाही, आणि टर्बोच्या गरम बुशवर ते कमी जळतं. पण हजाराला लिटर खाणाऱ्या इंजिनात महागडं ऑइल जाळण्यात मला अर्थ दिसत नाही. आणि त्याच्या जोरावर बदलीचं अंतर वाढवायचा मोह होतो. जुन्या इंजिनात ऑइल संपतं ते काजळी आणि डिझेलमुळे. सिंथेटिकमध्येही काजळी तेवढीच पडते.

'सिंथेटिक टाकलं की जुनं इंजिन गळायला लागतं' यात पूर्वी तथ्य होतं. सुरुवातीच्या पॉलीअल्फाओलेफिन बेसच्या ऑइलांनी रबरी सील आकसायची. पुढे त्यात सील फुगवणारे एस्टर मिसळून तोल साधला गेला. आज गळती दिसली तर बहुतेक वेळा सील आधीच कडक झालेलं असतं, आणि त्याच्या ओठापाशी साचलेला मळ नव्या ऑइलच्या डिटर्जंटनं धुऊन निघालेला असतो. अशा वेळी सील बदला, परत मळ साचवायच्या मागे लागू नका.

मळावरूनच सांगतो. इंजिनात आधी कधी नीट बदली झालेली नसेल, ऑइल टाकायचं झाकण उघडल्यावर आत काळी साय दिसत असेल, तर फ्लशिंगचं औषध ओतू नका. मी असं एक इंजिन पाहिलंय, फ्लश केल्यावर सुटलेला मळ चेंबरमधल्या जाळीवर येऊन बसला आणि पंपाला ऑइलच मिळेना. नेहमीचं चांगलं ऑइल टाका, पहिली बदली १५०० किलोमीटरवर, दुसरी ३००० वर, प्रत्येक वेळी फिल्टर नवा. काढलेला फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून बघा. काळा गाळ असेल तर काम चालू आहे. चमकणारे तांबूस किंवा रुपेरी कण दिसले तर चेंबर उतरवा.

काही इंजिनांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. डेट्रॉइट डिझेलची जुनी टू-स्ट्रोक इंजिनं, ५३, ७१ आणि ९२ मालिका, यांना मल्टिग्रेड चालत नाही. त्यांना एसएई ४० मोनोग्रेड, सीएफ-२ वर्गाचं, सल्फेटेड राख १ टक्क्याच्या आतलं ऑइल हवं. मल्टिग्रेडमध्ये पातळ बेस ऑइलला पॉलिमरनं जाडी दिलेली असते आणि ते पॉलिमर घासणीत तुटत जातात. मोनोग्रेडमध्ये तो प्रश्नच येत नाही. दुसरा अपवाद म्हणजे नोझल उडवायला इंजिन ऑइलचंच दाब वापरणारी इंजिनं, जसं नेव्हिस्टारचं ७.३ लिटर पॉवर स्ट्रोक. तिथं ऑइल पातळ झालं किंवा त्यात फेस धरला तर इंजेक्शनच बिघडतं, म्हणून बदली एक दिवसही पुढे ढकलायची नाही. तिसरा, जुने पेट्रोल ट्रक, सपाट टॅपेटवाले. त्यांत आजचं पातळ पेट्रोल ऑइल टाकलं तर कॅमचे लोब घासले जाऊ शकतात. त्यांना पुरेशा फॉस्फरसचं १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल मी बिनधास्त देतो, डब्यावर पेट्रोलचाही वर्ग छापलेला असेल तर. आणि 'एसए' लिहिलेलं स्वस्त ऑइल कशातच टाकू नका. एपीआयच्याच म्हणण्यानुसार ते १९३० नंतरच्या बहुतेक इंजिनांना योग्य नाही.

२०डब्ल्यू-५० मी कधीच टाकत नाही असं नाही. प्रदेश कायम उष्ण, बेअरिंग झिजल्याचं डोळ्यांनी पाहिलंय, इंजिन तीन-चार महिन्यांनी उतरवायचं ठरलंय, तोवर गाडी रस्त्यावर हवी. अशा वेळी ते टाकतो, आणि मालकाला काम कधी करायचं ती तारीख लिहून देतो. घट्ट करणारी, धूर बंद करणारी, झीज भरून काढणारी म्हणून विकली जाणारी अ‍ॅडिटिव्हं मी वापरत नाही. चांगल्या ऑइलमधला रासायनिक तोल आधीच साधलेला असतो.

वाटेत पातळी खाली गेली आणि तुमचं ऑइल मिळालं नाही तर त्याच वर्गाचं दुसऱ्या कंपनीचं १५डब्ल्यू-४० बेलाशक टाका. कमी पातळीवर गाडी चालवण्यानं जेवढं नुकसान होतं त्याच्या शतांशही मिसळण्यानं होत नाही.

बदलीचं अंतर मॅन्युअलपेक्षा वाढवू नका. गाडी तासन्‌तास उभी राहून चालत असेल तर किलोमीटर नव्हे, तास मोजा. त्या तासांत मीटर हलत नाही, पण काजळी आणि डिझेल ऑइलमध्ये पडतच असतं. ऑइल गरम असताना, गाडी सपाट जागी ठेवून काढा. फिल्टर उभा बसत असेल तर बसवण्याआधी ऑइलनं भरा. ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर नवा घाला. चढ चढून आल्यावर इंजिन बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं स्लोवर चालू द्या, टर्बोच्या बुशमध्ये अडकलेलं ऑइल तिथंच जळून कोळसा होणार नाही.

तुमच्या भागात ऑइल तपासणारी प्रयोगशाळा असेल तर या बदलीला एक नमुना जरूर पाठवा. अहवालात लोखंड, तांबं, शिसं यांच्या बरोबरीनं सिलिकॉनचा आकडा बघा. तो चढलेला असेल तर एअर फिल्टर किंवा टर्बोच्या आधीच्या नळीतून धूळ आत जाते आहे, आणि तुमच्या रिंगा त्यामुळेच झिजत असतील. सोडियम किंवा पोटॅशियम चढलं असेल तर कूलंट.

गेजचे दोन आकडे, थेंबाचा कागद आणि पुढच्या तीन हजार किलोमीटरमध्ये किती ऑइल टाकावं लागलं, एवढं लिहून मला कळवा. इंजिनाचं मॉडेल आणि पंप इनलाइन आहे की रोटरी, तेही सांगा. त्यावरून चेंबर उतरवायचं की नाही ते ठरवता येईल.